दात लावलेलं वल्हं

फार वर्षांपूर्वी, सांदशीच्या बंदरात यंत्राची एकही होडी नव्हती तेव्हाची ही गोष्ट. शिडं होती, वल्ही होती आणि माणसांचे दंड होते. आज जिथं बर्फाचा कारखाना आहे तिथं तेव्हा केवड्याचं बन होतं, आणि बनाच्या आडोशाला पोशा तांडेलाचं घर होतं. तांडेल म्हणजे होडी हाकणारा, होडीवरच्या माणसांना दर्यात वाट दाखवणारा. सांदशीत तांडेल पुष्कळ होते. पण पोशासारखा तोच होता, कारण पोशा मासे ऐकायचा.

मासा बोलतो का, असं लहान मुलं विचारतात. सगळे बोलत नाहीत. पण घोळ बोलते. घोळ म्हणजे मोठा मासा, पोटाकडून सोन्यासारखा पिवळा, कधी कधी लहान पोराएवढा लांब. पावसाळ्याच्या शेवटी या घोळींचा थवा किनाऱ्याजवळ येतो आणि पाण्याखाली सगळ्या मिळून घुमतात, डबक्यातल्या बेडकांसारख्या, पण खोलातून. पोशा वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचा. मग थवा कुठं आहे, किती मोठा आहे, चरतोय की चाललाय, हे सगळं त्याला कळायचं. त्याला करवतही ऐकू यायची. करवत म्हणजे बंदरासमोरचा पाण्याखालचा खडप, खडकांची दातेरी रांग, लांबच लांब. घोळीला त्या खडपाची सोबत आवडते, आणि जाळं तो खडप फाडून टाकतो. खडप जवळ आला की वल्ह्यातून तडतड यायची, तव्यावर कुणी मोहरी टाकावी तशी. घोळीचं घुमणं मोठं आणि करवतीची तडतड बारीक, अशी जागा सापडली की पोशा वल्हं आडवं धरून डोक्यावर उचलायचा. तीच पहिल्या दिवसाची जागा. मग साऱ्या गावाच्या होड्या तिथं यायच्या.

म्हणून सांदशीत रीत पडली होती. दर्याला नारळ वाहिला की दुसऱ्या दिवशी सकाळी पोशाची होडी सगळ्यांच्या पुढं निघायची, आणि होड्या खाडीबाहेर पडल्यापासून पोशाचं वल्हं वर होईपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. खोकला आला तर तोंडात फडकं कोंबायचं. शिंक आली तर नाक दाबून पाण्याकडं बघायचं. असं म्हणतात, की पाळण्यात न झोपणारी पोरंही त्या सकाळी गप्प असायची.

मग एक वर्ष असं आलं, की त्या वर्षाचं नाव अजून निघतं.

ऐन पावसात मोठं उधाण आलं. खाडीचं पाणी केवड्याच्या बनातून आत घुसलं आणि जाळ्यांच्या खोपीत शिरलं. साऱ्या गावाची जाळी त्या खोपीत टांगलेली होती. पोशा धावला. पाणी छातीला, मग गळ्याला, मग डोक्यावरून. तो पुन्हा पुन्हा बुडी मारून जाळी ओढत राहिला, पण हातात आले ते तुकडे. खोप गेली, जाळी गेली. दर्याचंच दर्यानं नेलं, असं म्हणून बाया रडल्या.

रडून झाल्यावर त्याच बाया उठल्या. घराघरातून तागाचं सूत निघालं. कुणी चार लडी दिल्या, कुणी एकच दिली, कुणी झोपाळ्याची दोरी उसवून दिली. सगळं सूत एकत्र झालं आणि उरलेल्या पावसाळ्यात साऱ्या गावानं मिळून एकच जाळं विणलं. ऐनाच्या सालीच्या काढ्यात ते बुडवून काळपट तांबडं केलं. एवढं मोठं जाळं सांदशीनं आधी पाहिलं नव्हतं. पण ते एकच होतं. ते भरून आलं तर मासळी विकून घराघराला पुन्हा सूत मिळणार होतं. ते करवतीवर फाटलं तर त्या वर्षी दर्यावर जायला गावाकडं काही उरणार नव्हतं.

आणि ते कुठं टाकायचं हे पोशानं ठरवायचं होतं.

पोशाचं काय झालं होतं, ते आता ऐका. त्या उधाणात बुड्या मारल्यावर त्याचे दोन्ही कान दुखू लागले, मग वाहू लागले. धाकलीबायनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लसणीचं तेल कोमट करून घातलं. धुरी दिली. दुखणं थांबलं, वाहणं थांबलं. त्याबरोबर सगळंच थांबलं. छपरावरचा पाऊस थांबला असं त्याला वाटलं आणि तो बाहेर बघायला गेला, तर पाऊस त्याच्या अंगावर कोसळत होता, मुकाट्यानं.

तो अंगणात भिजत उभा राहिला. मग घरात आला आणि कुणाला काही बोलला नाही.

आज सांगू, उद्या सांगू, असं तो रोज ठरवायचा. पण रोज जाळं थोडं वाढलेलं असायचं. बाया विणता विणता त्याच्याकडं बघून हसायच्या, म्हातारे त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. त्यांचे ओठ हलायचे आणि काय म्हणतात ते पोशाला न ऐकताही कळायचं. पोशा आहे ना, मग झालं. असं म्हणत असलेल्या माणसांना काय सांगायचं? त्याला वाटायचं, नारळी पुनवेपर्यंत कान उघडतील. तो कानात बोट घालून हलवायचा, एका पायावर उड्या मारायचा, जांभया द्यायचा. कान उघडले नाहीत.

धाकलीबायला मात्र कळलं होतं. ती चुलीपाशी बसायची आणि तो ओटीवर, तिच्याकडं पाठ करून. ती म्हणायची, "अवं, भाताला मीठ घालू का माती?" पोशा गप्प. एकदा तिनं मुद्दाम पितळेचा तांब्या त्याच्या मागं आपटला. मांजर पळालं, शेजारीण धावत आली, "काय पडलं गो धाकले?" आणि पोशा तसाच समुद्राकडं बघत बसलेला. धाकलीबाय शेजारणीला म्हणाली, "काय नाय, माजा हात सुटला." मग दाराला कडी लावून ती त्याच्या पाठीकडं बघत बराच वेळ बसली. तो होऊन सांगेल, अशी तिनं वाट पाहिली. त्यानं सांगितलं नाही, म्हणून तिनंही विचारलं नाही. ती फक्त त्याच्या समोर येऊन बोलायला लागली, तोंड मोठं उघडून, सावकाश. पोशाला वाटलं, बायको म्हातारपणी किती गोड झाली.

नारळ वाहून झाला. पहिली सकाळ उजाडली.

आभाळ खाली आलं होतं. डोंगराचा माथा ढगात, देवळाचं शिखर ढगात. किनाऱ्यावरच्या ज्या खुणा बघून तांडेल आपली जागा ओळखतात, त्यातली एकही दिसत नव्हती. कुणी म्हणालं, थांबू या. पण घरात तांदूळ संपत आले होते आणि भरती भरून आली होती. थांबता येण्यासारखं नव्हतं.

वाळूवर सगळं गाव उभं होतं. गावातला सगळ्यात मोठा नाखवा, म्हणजे होडीमालक, हाशा. जिभेचा असा तिखट, की त्याच्याशी भांडून कुणी जेवलं नाही म्हणे. तो पोशाच्या मागं येऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलला. जवळची माणसं दचकून हाशाकडं बघायला लागली. पोशानं मान वळवली नाही. हाशा जरा वेळ तसाच उभा राहिला, मग आपल्या होडीकडं गेला.

होड्या निघाल्या. खाडीचं तोंड मागं पडलं आणि सगळे गप्प झाले. पोशाच्या मनात आलं, आता सगळी माझ्यासारखीच झाली.

करवतीच्या अंगाला आल्यावर त्यानं हात वर केला. वल्हवणं थांबलं. पोशानं आपलं वल्हं पाण्यात सोडलं आणि मुठीला उजवा कान लावला.

काही नाही. कापसाची उशी कानावर धरावी तसं.

त्यानं डावा कान लावला. काही नाही. होडी प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत होती. कुठं सरकत होती, करवतीकडं की करवतीपासून, ते ढगामुळं कुणालाच कळत नव्हतं. मागच्या होडीत ते जाळं होतं, तांबडं, ओलं, घड्या घातलेलं. त्यात झोपाळ्याची दोरी होती. त्यात धाकलीबायच्या साऱ्या लडी होत्या. पोशानं पुन्हा उजवा कान लावला. सगळं सांगून टाकावं असं वाटून त्यानं तोंड उघडलं. पण तोंड उघडल्यावर रडू फुटेल अशी त्याला भीती वाटली. साऱ्या होड्या बघत होत्या. तेव्हा रडू दाबायला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्यानं समोरची वल्ह्याची मूठच दातांत धरली आणि घट्ट चावली.

आणि त्याच्या डोक्यात कुणीतरी घुमलं.

तो दचकला. दात काढले. शांत. त्याला वाटलं, आपले दातच वाजले असतील. त्यानं पुन्हा मूठ चावली. दातांतून जबड्यात, जबड्यातून कवटीत, खोल, जुनं, ओळखीचं घुमणं आलं. घुर्र... घुर्र... घुर्र. आणि त्याच्या वर, पुढच्या दातांत, मोहरीची तडतड. खूप मोठी तडतड. करवत होडीच्या नाकाखालीच होती.

पोशानं दातांतलं वल्हं न सोडता दोन्ही हात जोरानं हलवले, मागं, मागं!

आता त्याच्या होडीतल्या माणसांचं काय झालं असेल ते बघा. आपला तांडेल, ज्याच्या कानावर गाव जगतं, तो कान सोडून वल्हं चावत बसलाय. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हातवारे करतोय. विचारावं तर बोलायची बंदी. लहानू नावाचा पुढचा वल्हवणारा, तोंडात फडकं कोंबून, डोळे फाडून बघत राहिला. त्याच्या मागच्यानं आपल्या कपाळाला बोट लावून फिरवलं. पण हात मागं म्हणत होता, म्हणून त्यांनी होडी मागं घेतली. हात उत्तरेकडं म्हणाला, ते उत्तरेकडं गेले. पोशा ओठ मागं ओढून वल्हं चावतोय, लाळ मुठीवरून ओघळतेय, आणि होडी ढगात चाललीय, अशी ती मिरवणूक. मागं गावाच्या साऱ्या होड्या. असं म्हणतात, त्या दिवशी सांदशीच्या माणसांनी जेवढं बोलणं गिळलं तेवढं पुढं सबंध वर्षात कुणाला बोलता आलं नाही.

तडतड बारीक होत गेली. घुमणं वाढत गेलं. ते इतकं वाढलं, की होडीतल्या तांब्यातलं पाणी थरथरायला लागलं. ते इतकं वाढलं, की पोशाची हलणारी दाढ निखळून पडली आणि तो हसला. ती दाढ त्यानं दर्याला दिली. आणि कानांनी कधी कळलं नव्हतं ते त्याला दातांनी कळलं. थव्यात पुढं कोण आहे, मागं कोण आहे, कुठली घोळ म्हातारी आहे. असं म्हणतात, की सगळ्यात मोठी घोळ त्याच्या होडीखाली येऊन थांबली आणि तिनं बाकीच्यांना गप्प केलं.

तेव्हा पोशानं वल्हं दातांतून काढलं, आडवं धरलं आणि डोक्यावर उचललं.

जाळं पाण्यात गेलं, फडफडत, लांबच लांब. ते ओढायला चार होड्यांची माणसं लागली. आधी पाण्याखाली पिवळी झाक दिसली, जणू ढगाआडचा सूर्य तिथं बुडाला होता. मग ती वर आली. घोळीच घोळी. जाळ्याचा एक धागा तुटला नव्हता. आता बोलायला मोकळीक होती. मग लहानूनं तोंडातलं फडकं काढलं आणि तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की किनाऱ्यावर बायांना ऐकू आलं.

वाळूवर मासळीचे ढीग लागले. सारं गाव नाचत होतं. पोशा मात्र गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, मोठ्यानं, कारण आपला आवाज केवढा होतो ते त्याला कळत नव्हतं, "मना ऐकू येत नाय. उधाणापासनं नाय. मी सांगितलं नाय तुमाला. माज्या हातानं जालं फाटलं असतं."

नाच थांबला. त्यानं मान खाली घातली. कुणी काय म्हटलं ते त्याला कळणार नव्हतं, आणि तेवढं एक बरं आहे असं त्याला वाटलं.

धाकलीबाय पुढं आली. ती त्याच्यासमोर वाळूत बसली, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि आपलं कपाळ त्याच्या कपाळाला टेकवलं. तिला रडू येत होतं म्हणून टेकवलं, दुसरं काही नाही. आणि तशीच पुटपुटली, "मना ठावं होतं, अवं. पयल्यापासनं ठावं होतं."

पोशानं डोकं वर केलं. "काय म्हनलीस?"

तिला कळेना.

"पुना टेकव. टेकव डोकं. पुना बोल."

तिनं पुन्हा कपाळ टेकवलं. आता तिला काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणाली, "भात निवला असंल. चला."

आणि पोशानं ते ऐकलं. सगळं ऐकलं. वल्ह्यातून घोळ आली होती तशी हाडांतून बायको आली. तो तिथंच वाळूत हसायला आणि रडायला लागला, दोन्ही एकदम, आणि तिला म्हणाला, "अजून बोल गो. कायपन बोल." एवढ्या दिवसांचं साठलेलं धाकलीबायकडं पुष्कळ होतं. लोक म्हणतात ती दोघं तशीच कपाळाला कपाळ लावून बसून राहिली आणि भात खरंच निवून गेला.

पण त्याआधी हाशा नाखवा पुढं आला. गर्दी बाजूला झाली. हाशा म्हणाला, "सर गो धाकले, मना बी बोलायचंय." आणि तो जाडजूड माणूस पोशासमोर बसला आणि त्यानं आपलं कपाळ पोशाच्या कपाळावर आपटलं.

"सकाली तुज्या मागं उबा राहून मी तुज्या बापाला शिवी दिली," हाशा म्हणाला. "मोठी दिली. तू वललास नाय. तवाच मी जानलं, ह्यो बहिरा झाला."

"मग बोललास का नाय?"

"बोललो असतो तर वल्हं माज्या हातात दिलं असतं. मी किती येला कान लावून बगितला, मना दर्या नुसता घूं करतो. तुजा बहिरा कान माज्या धडक्या कानापेक्षा बरा, असं म्हनलं." मग तो थांबला आणि जरा हळू म्हणाला, "माजी होडी जालंवाल्यांच्या कडंला ठेवली व्हती, बांबूनं तल चाचपत. चुकला असतास तर बंदी मोडून बोंब मारली असती. तू बहिरा व्हतास, जालंवाले नव्हते."

पोशाच्या छातीवरून काहीतरी मोठं उतरलं, आणि ते उतरताना जवळच्या माणसांनाही दिसलं, असं म्हणतात.

"आता ती शिवी ऐकून घे," हाशा म्हणाला. "फुकट गेलीय." आणि त्यानं ती शिवी पुन्हा दिली, कपाळाला कपाळ लावून, सावकाश, एकेक शब्द. पोशानं ती पूर्ण ऐकून घेतली आणि मग हाशाच्या टकलावर एक चापट मारली. त्यावर सांदशीचं सगळं गाव जे हसलं, ते हसणं करवतीपर्यंत गेलं आणि घोळींनी त्याला उत्तर दिलं, अशी गोष्ट आहे.

पोशा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. एकेक करून त्याचे दात पडले. शेवटी समोरचे दोनच राहिले, आणि त्या दोनांवर त्यानं गावाला जागा दाखवली. तो गेला त्या वर्षी पहिल्या सकाळी घोळी आपण होऊन खाडीच्या तोंडापर्यंत आल्या आणि बराच वेळ घुमल्या. जाळी तयार होती, पण त्या दिवशी कुणी जाळं टाकलं नाही.

ते वल्हं सांदशीच्या देवळात अजून आहे. मुठीवर दातांचे खड्डे आहेत, आणि बोटं फिरवून फिरवून ते गुळगुळीत झाले आहेत. आता होड्यांना यंत्रं आहेत. मासे दाखवणारी काचेची पेटी आहे, तिच्यात थवा ठिपक्यांसारखा दिसतो. तरीही नारळ वाहिल्यावर पहिल्या सकाळी खाडीबाहेर गेलं की सगळी यंत्रं बंद करतात. गावात ज्याला कमी ऐकू येतं तो पुढच्या होडीत बसतो, तोच त्याचा मान. तो वल्हं पाण्यात सोडतो आणि मुठीला दात लावतो. दात नसले तर हिरड्या लावतो. कुणी बोलत नाही. मग तो वल्हं वर उचलतो, आणि त्यानंतर पेटीतलं बघून ज्याला जिथं जायचं तिथं तो जातो.

आणि आणखी एक आहे. सांदशीत कुणी म्हातारं बहिरं झालं, तर त्याच्याशी कुणी ओरडून बोलत नाही. सुना, नातवंडं, शेजारी, ज्याला काही सांगायचं असेल तो समोर बसतो आणि कपाळाला कपाळ टेकवतो. बाहेरगावची माणसं बघतात आणि त्यांना वाटतं, काहीतरी मोठा आशीर्वाद चाललाय.

ते फक्त एवढंच सांगत असतात, भात निवतोय, चला.